वरचं दूध आणि बारशाच्या हॉलमधला वाद

पत्र:

गेल्या महिन्यात माझ्या चुलत जावेच्या बाळाचं बारसं झालं. सिंहगड रस्त्यावरच्या एका हॉलमध्ये पाळणा म्हणून झाल्यावर मला कळलं, की दहाव्या दिवसापासून बाळाला वरचं दूध सुरू केलंय. मी बाळंतपणाआधी वर्ग केले होते, या विषयावर बरंच वाचलंय. सगळ्यांसमोर मी म्हणाले, "अगं, दूध येत नाही असं काही नसतं. इच्छा हवी." ती काही बोलली नाही. त्या रात्री घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चुलत सासूबाईंनी लिहिलं, 'सीझर झालेल्यांना दूध कमीच येतं. बाळाला मध चाटवा, उन्हाळा आहे, अधूनमधून पाणी द्या.' मग मला राहवलं नाही. मी लांबलचक उत्तर लिहिलं. पावडरच्या दुधाचे तोटे लिहिले, पहिले सहा महिने पाणीसुद्धा नको हे लिहिलं आणि न पाजणाऱ्या बायकांना स्तनाचा कर्करोग होतो, असंही लिहिलं. जाऊ ग्रुप सोडून गेली.

सासूबाई म्हणतात, माफी माग. नवरा म्हणतो, या विषयावर बोलूच नकोस. पण मी खरं तेच बोलले ना? माझं बाळ चौदा महिन्यांचं आहे, मी अजून पाजते. "अजून पाजतेस? कधी सोडवणार?" असं मला येताजाता ऐकवतात, तेव्हा कोणी माफी मागत नाही. चुकीची माहिती समोर दिसत असताना गप्प बसायचं, यालाच आदर म्हणायचं का? जावेला काही लेख पाठवावेत असं मनात आहे. पाठवू का?

एक वाचक, वारजे, पुणे

उत्तर:

प्रिय वाचक,

माफी मागा, पण सगळ्याची मागू नका. तुमच्या बोलण्यातल्या दोन वाक्यांची माफी मागायची आहे. ती कोणती हे आधी तुम्हाला स्वतःला पटलं पाहिजे. सासूबाईंनी सांगितलं म्हणून उरकलेली माफी जावेच्या लगेच लक्षात येईल आणि तुमच्या मनातही खुपत राहील.

पहिलं वाक्य हॉलमधलं. 'दूध येत नाही असं काही नसतं, इच्छा हवी.' ते लागट होतं, पण त्याहीआधी ते चूक होतं. बहुतेक बायकांना बाळाला पुरेल इतकं दूध येतं, हे खरं आहे. दूध पुरत नाही अशा भीतीनं वरचं दूध सुरू करणाऱ्या कितीतरी जणींना प्रत्यक्षात दूध पुरेसं असतं, हेही खरं. पण काही जणींना ते खरोखरच पुरेसं येत नाही. थायरॉइडचा आजार, बाळंतपणात झालेला मोठा रक्तस्राव, गर्भाशयात राहिलेला वारेचा तुकडा, स्तनांवर पूर्वी झालेली शस्त्रक्रिया, दूध तयार करणाऱ्या ग्रंथींचीच अपुरी वाढ, अशी त्याची कारणं असतात. यातल्या एकाही कारणावर इच्छेचा इलाज चालत नाही. सीझरनंतर दूध उतरायला एखाद-दोन दिवस जास्त लागू शकतात. म्हणजे चुलत सासूबाईंच्या वाक्यातही थोडं तथ्य होतं. 'सीझरवाल्यांना कमीच येतं' हे चूक, पण 'उशिरा उतरू शकतं' हे बरोबर. तेवढं तुम्ही मान्य केलं असतं, तर पुढचं तुमचं ऐकायला त्या थांबल्या असत्या.

आणि बाळाचं काय? जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतंच. ते साधारण दोन आठवड्यांत जन्माच्या वजनाशी येऊन मिळावं, अशी अपेक्षा असते. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा शू झाली, तर दूध पोटात जातंय असं समजायचं. वजन दहा टक्क्यांहून जास्त उतरलं, शू कमी झाली, बाळ प्यायलाही उठेना इतकं सुस्त झालं, तर अशा वेळी डॉक्टरांनी सांगितलेलं वरचं दूध हा उपचार असतो. दहाव्या दिवशी डॉक्टरांच्या काट्यावर काय आकडा होता, हे तुम्हाला माहीत होतं का? तुमच्या पत्रात ते कुठेच नाही. ते विचारण्याआधीच तुम्ही निकाल दिलात.

दुसरं वाक्य कर्करोगाचं. हे तुम्ही कुठून घेतलंत त्याचा अंदाज आहे. २००२ साली ३० देशांतल्या ४७ अभ्यासांची माहिती एकत्र करून एक मोठं विश्लेषण प्रसिद्ध झालं. एकूण बारा महिने पाजलं, तर स्तनाच्या कर्करोगाचा धोका सुमारे ४.३ टक्क्यांनी कमी होतो, असं त्यातून दिसलं. हा निष्कर्ष भक्कम आहे आणि बायकांना तो माहीत असायलाच हवा. पण ही ४.३ टक्क्यांची घट आधी जो काही धोका असेल, त्यातली आहे. न पाजणाऱ्या बाईला कर्करोग होतो, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. वर्षानुवर्षं पाजलेल्यांनाही तो होतो आणि कधीच न पाजलेल्या असंख्य जणींना होत नाही. हजारो बायकांच्या माहितीतून निघालेला आकडा एका बाईच्या अंगावर फेकला की तो शापासारखा लागतो. बाराव्या दिवशीच्या बाळंतिणीला तर फारच.

त्यातही मला सगळ्यात जास्त खटकलं ते वादाचं ठिकाण. त्या ग्रुपवर तिचे सासरे असतील, दीर असतील, नवऱ्याचे मामा असतील. बोंडं चिरलीत, दूध साकळून गाठी आल्यात, टाके दुखतात म्हणून मांडी घालून बसता येत नाही, पंप लावला तर वाटीच्या तळाला चार थेंब येतात. यातलं काय ती तिथे लिहिणार होती? तुम्हाला हवी तेवढी वाक्यं लिहिता येत होती आणि तिला आपल्या बाजूचं एकही लिहिता येत नव्हतं. तुमच्या दृष्टीनं तो माहितीचा प्रश्न होता, पण तिच्यासाठी चाळीस माणसांसमोर तिच्या अंगाची चर्चा चालली होती. बाईच्या तब्येतीबद्दल मतभेद असला, तर आधी एवढंच बघावं की जिच्याबद्दल बोलतोय तिला तिथे उत्तर देता येईल का. येणार नसेल, तर तिचं नाव, तिचं बाळ, तिचं दूध यांपैकी काहीही त्या बोलण्यात येऊ नये. सर्वसाधारण माहितीबद्दल खुशाल वाद घाला.

आता तुमचं जे बरोबर होतं, त्याकडे येते, कारण ते थोडंथोडकं नाही.

मध आणि पाणी याबद्दल तुम्ही बोललात ते योग्यच केलंत. पुन्हा वेळ आली तर पुन्हा बोला. वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बोट्युलिझम नावाची विषबाधा होऊ शकते. मध कितीही शुद्ध असला, अगदी महाबळेश्वरहून आणलेला असला, तरी हा धोका टळत नाही. त्याचे जिवाणू लहान बाळाच्या आतड्यात वाढतात आणि बाळ ढिलं पडत जातं. गुटी मधात उगाळायची पद्धत अनेक घरांत आहे, तिथेही हेच लागू. पाण्याचं म्हणाल, तर आईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणीच असतं. पुण्याच्या एप्रिल-मेमध्येसुद्धा सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वेगळं पाणी लागत नाही, फक्त जास्त वेळा पाजावं लागतं. पाण्यानं भरलेलं पोट दूध कमी पितं आणि बाळानं कमी ओढलं की आईचं दूधही कमी होत जातं. बाळाच्या जिवाशी खेळ होत असेल, तिथे मोठ्यांचा मान राखायचा म्हणून गप्प बसू नये. तुमच्या नवऱ्याचा सल्ला मला मुळीच मान्य नाही.

पण चुलत सासूबाईंना हे कसं सांगायचं? ग्रुपवर पाच परिच्छेद लिहून नाही. फोन करायचा: "काकू, तुम्ही बाळाच्या काळजीनंच लिहिलंत, मला माहिती आहे. पण बाळ वर्षाचं होईपर्यंत मध नको असं हल्ली सगळे डॉक्टर सांगतात, त्यानं बाळं आजारी पडलेली आहेत. ग्रुपवर तुम्हीच एकदा लिहाल का? तुमचं सगळे ऐकतात." काकू लिहितीलही, नाही लिहिलं तर तुम्ही दोन ओळींत लिहा, तिथेही त्यांचं नाव न घेता. त्यांच्या पिढीतल्या कितीतरी बायकांना पहिलं पिवळसर घट्ट दूध, म्हणजे चीक, पिळून टाकायला लावला गेला. त्या दुधात रोगप्रतिकारक द्रव्यं सगळ्यात जास्त असतात, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांना जे शिकवलं गेलं, ते त्यांनी मनापासून केलं. त्याच बायकांना बाळंतिणीला सव्वा महिना कामाला हात लावू द्यायचा नाही, हेही ठाऊक होतं आणि आज शिकल्यासवरल्या घरांतही ते विसरलं जातंय. आळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शतावरी यांनी दूध वाढतं याला भक्कम पुरावा नाही. पण आळीव-डिंकानं बाळंतिणीचं पोषण होतं आणि कुणीतरी आपल्यासाठी रांधलंय याचा आधार वाटतो. तेव्हा लाडवांवरून वाद घालू नका.

वरच्या दुधाबद्दलचा तुमचा रागही मला समजतो. मात्र तो चुकीच्या दारात नेऊन ओतलात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातली ८८.६ टक्के बाळंतपणं रुग्णालयांत झाली होती, पण जन्मानंतर तासाभरात छातीशी लागलेली बाळं होती फक्त ४१.८ टक्के. दहातल्या जवळजवळ नऊ बायका डॉक्टर-नर्सच्या देखरेखीखाली बाळंत होतात आणि तरी दहातल्या चारच बाळांना तो पहिला तास मिळतो. यात बायकांच्या इच्छेचा प्रश्न कुठे आला? त्याच सर्वेक्षणात खासगी रुग्णालयांतली ४७.४ टक्के बाळंतपणं सीझरनं झाली होती. सीझर झालेली बाई कधी गुंगीत असते, कधी बाळ दुसऱ्या खोलीत नेलेलं असतं. नातेवाईक घाबरलेले असतात आणि बाळ रडलं की कुणीतरी म्हणतं, डबा आणा. बाळानं नुसतं बोंड न धरता भोवतालचा काळसर भागही तोंडात घ्यायला हवा, हे दाखवायला वीस मिनिटं देणारी नर्स प्रत्येक ठिकाणी असतेच असं नाही. तुम्ही वर्ग केलेत, फी भरलीत, तेवढा वेळ तुमच्याकडे होता. तुमच्या सोसायटीत धुणंभांडी करायला येणाऱ्या बाईला यातलं काहीच मिळत नाही. २०१७ च्या कायदा-दुरुस्तीनं मिळालेली २६ आठवड्यांची पगारी रजा हिंजवडीतल्या कंपनीत नोकरी करणारीला लागू होते, घरकाम करणारीला नाही. बाळ तान्हं असतानाच ती कामावर परत येते, तेव्हा तिच्या बाळानं दिवसभर काय प्यावं यावर आपल्यातलं कुणी वाद घालत नाही.

पावडरच्या दुधाच्या धंद्यावर बोलायचं असेल, तर कायदा तुमच्या बाजूनं आहे. १९९२ चा आणि २००३ मध्ये आणखी कडक केलेला कायदा दोन वर्षांपर्यंतच्या बाळांसाठीच्या अशा दुधाच्या आणि बाटल्यांच्या जाहिरातींना मनाई करतो. आईला फुकट नमुने देणं, सवलती दाखवणं हेही त्यात बसत नाही. कुणी डबा फुकट हातात ठेवला, तर तिथे आवाज चढवा. ज्या आईनं तो औषधाच्या दुकानातून स्वतःच्या पैशानं, रडतरडत आणला, तिच्यासमोर नको.

तुम्हाला मिळणाऱ्या टोमण्यांबद्दल तुम्ही एकाच ओळीत लिहिलंय, पण मला वाटतं सगळं मूळ तिथे आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते: पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, मग वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षं किंवा त्याहून पुढेही. चौदा महिन्यांच्या बाळाला पाजणं यात विचित्र काहीही नाही आणि त्याचं स्पष्टीकरण तुम्ही कुणाला देणं लागत नाही. "कधी सोडवणार?" याला "आम्हा दोघांना नको वाटेल तेव्हा" एवढं उत्तर पुरे. तरी वर्षभर ऐकून घेतलेलं कुठेतरी साठतं. ते त्या दिवशी अशा बाईवर निघालं, जिनं तुम्हाला कधी काही म्हटलेलं नसावं. बघा पटतंय का. तुमच्या पाजण्याबद्दल ऐकवणारे आणि तिच्या न पाजण्याबद्दल ऐकवणाऱ्या तुम्ही, दोन्हीकडे गृहीत एकच धरलेलं आहे: बाईच्या अंगाचा निर्णय घरातल्या कुणीही घ्यावा.

तर आता काय करायचं?

जावेकडे जा. एकट्या जा, फोन करून, तिला सोयीची वेळ विचारून. जाताना जेवणाचा डबा न्या, बाळासाठी झबलं-टोपडं नको. आणि असं काहीसं म्हणा: "मी हॉलमध्ये जे बोलले ते चूक होतं. दूध न येण्याचा इच्छेशी काही संबंध नसतो. कर्करोगाचं लिहिलं तेही अर्धवट आणि चुकीचं होतं. सगळ्यांसमोर तुझा विषय काढायला नको होता." इथे थांबा. 'पण मला बाळाची काळजी वाटली' हे शेपूट जोडू नका. तिनं तुम्हाला लगेच 'असू दे गं' म्हणावं, अशीही अपेक्षा ठेवू नका. ती रागावलेली असेल, तर तो राग ऐकून घ्या.

ग्रुपवर सगळ्यांसमोर बोललात, तेव्हा तिथेही दोन ओळी लिहाव्या लागतील. आधी तिला विचारा, तिची हरकत नसेल तरच. 'कर्करोगाबद्दल मी लिहिलं ते बरोबर नव्हतं, ते मागे घेते. मध-पाण्याबद्दल लिहिलं ते डॉक्टरांना विचारून खात्री करून घ्यावी.' बस. दूध, सीझर, जाऊ, कशाचाच उल्लेख नको.

लेख पाठवू नका. तिनं विचारलं, तर मात्र सगळं सांगा, कारण तुम्हाला खरोखर बरंच माहीत आहे. वरचं दूध सुरू झालं म्हणून अंगावरचं दूध संपलं असं होत नाही, दोन्ही चालू राहू शकतं. स्तन जितके वेळा रिकामे होतील तितकं दूध तयार होतं, म्हणून आधी छातीशी आणि मग वरचं. वरचं दूध बाटलीऐवजी वाटी-चमच्यानं किंवा बोंडल्यानं द्यावं. पावडरचं माप डब्यावर लिहिलंय तितकंच, पाणी उकळलेलं, आणि पुरवायचं म्हणून पातळ कधीही करू नये. रात्रीची एक पाळी तरी टाळू नये. स्तनपान सल्लागार पुण्यात आता मोठ्या रुग्णालयांत भेटतात. काही आठवड्यांच्या खंडानंतरही अनेक जणींना पुन्हा पाजता आलं आहे, हे सांगा, पण तिला ते हवं असेल तरच. तिला नको असेल, तर तो विषय तिथेच संपला. दुधाची पेढी, म्हणजे इतर आयांनी दान केलेलं दूध साठवणारी सोय, हा शब्द कुणी काढला, तर पुण्याच्या ससून रुग्णालयात ती आहे, पण तिथलं दूध मुख्यतः अपुऱ्या दिवसांच्या आणि आजारी बाळांसाठी असतं. नऊ महिने पूर्ण झालेल्या, धडधाकट बाळासाठी तिथे चौकशी करायला तिला पळवू नका.

एक गोष्ट मात्र न विचारताही बघा. बाळंतपणानंतर पहिले दोन आठवडे उगाच रडू येणं साहजिक असतं. आता महिना उलटून गेलाय. बाळ झोपलेलं असतानाही तिला झोप येत नसेल, कशातच मन लागत नसेल, 'मी आई व्हायलाच नको होतं' असं ती बोलत असेल, तर हा दुधाचा प्रश्न राहिलेला नाही. तिच्या आईला किंवा तुमच्या दिरांना बाजूला घेऊन सांगा आणि तिला डॉक्टरांकडे न्यायला लावा. मानसिक आरोग्यासाठीच्या टेली मानस सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मराठीतूनही बोलता येतं. बाळाला किंवा स्वतःला काही करून घेण्याचे विचार असतील, तर त्याच दिवशी रुग्णालयात न्या. तिला एकटं ठेवू नका.

पुढे बाळ सहा महिन्यांचं झालं की उष्टावण येईल. पेज की खिमट, मीठ घालायचं की नाही, साखर की गूळ, सगळे पुन्हा बोलतील आणि तुमचाही हात फोनकडे जाईल. लिहिण्याआधी जावेला फोन करून विचारा, तिच्या डॉक्टरांनी काय सांगितलंय आणि तिला तुमच्याकडून काही हवंय का. मधाचं मात्र तेव्हाही काकूंना आठवणीनं सांगा, बाळाला वर्ष व्हायला अजून सहा महिने असतील.